शकुबाईची बिजागरी

नाशिक रोडच्या एका शाळेत शिपाई असलेल्या यशोदाबाई सत्त्याहत्तर सालापासून दर शनिवारी दुपारी वस्तीतल्या विहारात बायकांची बैठक भरवायच्या. विषय कुणी आधी ठरवायचा नाही. जिचं जे दुखणं, त्याची एखादी वस्तू तिनं मधोमध आणून ठेवायची. मग प्रत्येकीनं एकेक चिंचोका हव्या त्या वस्तूपुढे टाकायचा. जिथं चिंचोके जास्त, तो विषय पहिला. यशोदाबाई फक्त एकीचं बोलणं दुसरीला तोडू द्यायच्या नाहीत.

त्या शनिवारी शकुबाईनं गंजकी बिजागरी ठेवली. बायकांच्या सहा संडासांना दारं उरली नव्हती, म्हणून सगळ्या अंधारात रुळांपलीकडे जात. चिंचोके तिच्यापुढेच पडले. तेवढ्यात कुठल्याशा संस्थेचे यज्ञेश्वरराव टाइप केलेला कागद घेऊन आले. विषय, स्वच्छतेचे महत्त्व. पाहुण्याचा मान म्हणून यशोदाबाईंनी स्वतःच्या हातानं बिजागरी उचलून बाजूला ठेवली. साहेब नळाला पाणी येईपर्यंत बोलत राहिले. पाणी आलं तशा बायका उठल्या. ज्यांच्या संडासाला दार नाही त्यांना हात धुवायला शिकवून तो गृहस्थ खुशीत निघाला, आणि यशोदाबाईंनी त्याला वर चहा पाजला.

बुधवारी पहाटे शकुबाईची सून नवसाबाई रुळांपलीकडच्या खड्ड्यात पडली. सहावा महिना होता. पोटातलं गेलं.

तीन आठवड्यांनी साहेब पुन्हा आले, नवा कागद घेऊन. नवसाबाई भिंतीशी बसली होती. ती उठली आणि तिनं मधोमध एक टोपडं ठेवलं. चिंचोका कुणीच टाकला नाही. हातातले चिंचोके हातातच राहिले.

"यशोदाबाई, आजचा विषय बचतीचा आहे," साहेब म्हणाले.

यशोदाबाईंनी टोपडं उचलून साहेबांपुढे धरलं. "साहेब, हे टोपडं तुमच्या कागदात कुठं बसतं तेवढं सांगा. नाय सांगता येत? मग आमची बैठक आज पालिकेच्या कचेरीच्या पायरीवर हाय. तुम्ही बसा हितं."

त्या दिवशी बाजूला ठेवलेली बिजागरी आणि टोपडं पदरात घेऊन त्या निघाल्या. मागून सगळ्या. अंधार पडेपर्यंत कुणी पायरीवरून हललं नाही.

आठ दिवसांत सहाही दारं बसली. सगळं काम आठ दिवसांचं होतं. यशोदाबाईंनी पहिलं दार लावून पाहिलं, कडी घातली, आणि आत उभं राहून स्वतःलाच शिव्या घातल्या.