फ्रीव्हीलवरची खूण

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि जवळजवळ तितकीच वर्षं परीक्षेत कॉप्या पकडल्या. त्यामुळे समोरच्याच्या तोंडाआधी हाताकडे बघायची खोड लागली. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, तेव्हा ही खोडही माझ्यासोबत सायकलवर बसली.

प्रताप नगरात घराजवळच एका सायकल मिस्त्रीची पत्र्याची टपरी आहे. त्याचा स्वभाव धंद्याला न शोभणारा. मी चेन बदलायला गेलो की तो ती बोटांनी ताणून बघायचा आणि म्हणायचा, "काहून बदलवता, सर? अजून वर्षभर चालते." आलेलं काम असं परत पाठवणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. पण मला वाटलं, माणूस इतका भला आहे म्हणजे काहीतरी पाणी मुरत असणार.

त्यातच एका शेजाऱ्याने पिल्लू सोडलं, की ओव्हरहॉलला दिलेल्या सायकलीचे चांगले भाग काढून हे लोक जुने बसवतात. झालं. सायकल ओव्हरहॉलला देण्याआधी मी मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलवर, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चक्रावर, मार्कर पेनने काळी खूण केली. ही शाई पुसत नाही, असं पेनावर छापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सायकल लखलखत उभी होती आणि खूण गायब. टपरीवर चार-पाच माणसं होती. त्यांच्यादेखत, वर्गात वापरायचो त्या आवाजात, मी माझं फ्रीव्हील कुठे गेलं ते विचारलं. त्याला कळेना, तेव्हा खुणेचंही सांगितलं, कॉपी बाहेर काढल्यासारखं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्याच खिशातला तो मार्कर पेन मागून घेतला, एका जुन्या फ्रीव्हीलवर रेघ मारली, ते पेट्रोलच्या डब्यात बुडवून ब्रश फिरवला आणि माझ्यापुढे धरलं. रेघ गेली होती. प्रत्येक सुटा भाग पेट्रोलने धुतल्याशिवाय तो बसवत नाही, हे मी कितीदा तरी पाहिलेलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नव्हता. तिथल्या तिथे माफी मागायची, तर मी "बरं, बरं" म्हणून सायकल घेऊन निघालो. त्याची लाज मला अजून वाटते.

काम तो पुढेही चोख करायचा. पण ब्रेकचं रबर बदलू का विचारलं, तर तुम्ही म्हणाल तसं, एवढंच उत्तर यायचं. मला स्टुलावर बसवून, प्रत्येक भाग आधी दाखवून मगच काढायचा. मी नको म्हटलं तरी. हा त्याचा राग आहे असं समजून मी काही महिने गप्प बसलो. शेवटी एका सकाळी गेलो आणि चुकलो म्हणालो.

त्याने हात पुसले. "माफी कायची, सर? राग तं कवाच गेला. पण तुमची सायकल खोलतो तं मले भेव वाटते. तिकडं सदर भागात सायकलचं मोठं दुकान हाय, तिथं सगळं लिहून देतात. तिकडंच नेत जा."

आता मी सदरला जातो. केलेल्या प्रत्येक कामाचा छापील कागद मिळतो. अमुक काम अजून करू नका, असं मात्र तिथे मला कोणी सांगत नाही.