काचेमागचे काळभोर

काळभोर सार्जंटांना लिहिताना पाहिलं की नवख्याला वाटे, हा माणूस उर्दू लिहितोय. मीही पहिल्या दिवशी तसंच विचारलं. "न्हाई साहेब, मराठीच हाय. तुमी फकस्त पलीकडं जाऊन बगा." कंट्रोलरूममध्ये एक मोठी उभी काच असे. रडारवर विमान दिसलं की काळभोर काचेमागून मेणाच्या पेन्सिलीने त्याची जागा टिपत. पुढे बसलेल्या अधिकाऱ्याला अक्षरं सुलटी दिसावीत म्हणून ते उलटी लिहीत, आणि तीही भराभर. पुढे बसलेला अधिकारी म्हणजे मी, पुण्याच्या शनिवार पेठेतला, स्वतःला फार शहाणा समजणारा.

तळावर नवी जेट विमानं आली तेव्हा आम्ही पेढे वाटले. लोणी काळभोरच्या या शेतकऱ्याच्या मुलाने पेढा हातातच धरला. "इमान नवं हाय साहेब, पण रडार जुनंच. डोंगराआड त्याला कायबी दिसत न्हाई." आमचं हवाई दल लहान होतं आणि सगळ्यांच्या माना आकाशाकडे; जमिनीवरच्या यंत्राकडे बघायला सवड कुणाला? काळभोरांनी मात्र रडारला न दिसणाऱ्या जागा एका वहीत टिपून ठेवल्या होत्या. डोंगरावर दुसरं रडार हवं, असे अर्ज ते करत. "गुरं राखताना आमी टेकाडावर बसायचो. खड्ड्यात बसून राखण व्हती व्हय?" अर्ज माझ्या टेबलावरून वर जात. वर म्हणजे नक्की कुठे, ते आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही.

एका दुपारी ढग खाली आले होते आणि एक तरुण वैमानिक परतीची वाट विचारत होता. इंधन संपत आलेलं. डोंगर मागे पडला, असा माझा अंदाज होता. मी त्याला खाली बोलावणार, तोच काळभोरांनी काचेवर तीन शब्द लिहिले, 'खाली आणू नका'. मी ते वाचले. स्वच्छ वाचले. आणि तरी त्याला खाली ये म्हणालो. सार्जंटने मला शिकवावं हे मला झेपलं नाही, खरं कारण एवढंच. पडद्यावरचा ठिपका डोंगराआड गेला. काळभोर पेन्सिल काचेला टेकवून पुढच्या ठिपक्याची वाट बघत उभे राहिले. तो आलाच नाही.

पाळी संपली की काच पुसायची, असा आमचा नेम. एरवी काळभोर पुसत, त्या दिवशी मी पुसली. चौकशीत मला विचारलं, "इशारा मिळाला होता?" मी म्हणालो, "नाही." काळभोरांनी खरं ते सांगितलं, पण सार्जंटचा शब्द, तोही पुसलेला. नोंद उशिरा केल्याचा ठपका त्यांच्यावर आला आणि त्यांना भांडारात पाठवलं. पुढे डोंगरावर रडार बसलं, त्यांच्या वहीतल्याच जागी. उद्घाटनाला मी पहिल्या रांगेत होतो.

निवृत्तीनंतर ते धायरीला राहिले, मी कोथरूडला. एवढंसं अंतर, पण मला वीस वर्षं जाववलं नाही. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेल्याचं कळलं तेव्हा गेलो. वहिनींनी कागदांचा गठ्ठा पुढे केला. कामाबद्दल घरी बोलायचं नाही हा नियम काळभोरांनी जन्मभर पाळला होता, त्यामुळे वहिनींना काही ठाऊक नव्हतं. "दिसभर ह्या रेघा वढत्यात. पोरं म्हणत्यात, डोकं गेलं. डाक्टरबी तेच म्हणतोय. तुमी संगं व्हता, तुमाला तरी कळतंय का?"

मी कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला. त्या दुपारची दिशा, अंतर, उंची, सगळं क्रमाने, आणि शेवटी तेच तीन शब्द. प्रत्येक कागदावर. त्यांचं डोकं जागेवर होतं, आणि हे सांगू शकणारा मी एकटाच उरलो होतो. काळभोर खाटेवरून माझ्याकडे एकटक बघत होते.

"काय लिवलंय?"

"काही नाही, वहिनी. जुने आकडे आहेत."

आठवड्याने ते गेले. दहाव्याला वहिनी मला म्हणाल्या, "तुमी येऊन गेलात त्या दिसापासनं पेन्सिल हाती धरली न्हाई त्यांनी. तुमाला बगून शांत झालं बगा."