वन्संनी जोडलेला कॉम्प्युटर

जगातल्या यच्चयावत वस्तू आपल्याला चिडवण्यासाठीच तयार झाल्या आहेत, अशी माझ्या थोरल्या वन्संची पक्की खात्री आहे. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. राहतात मार्गासनीला, एकट्या. थोडी भाताची खाचरं, एक म्हैस आणि कायम चढलेला पारा एवढाच त्यांचा संसार. मिक्सरवर त्या रागावतात, कारण तो ओरडतो. म्हशीवर रागावतात, कारण ती ओरडत नाही. एकदा वेल्ह्याची एसटी वेळेवर आली म्हणून कंडक्टरवर उखडल्या होत्या. "रोज उशिरा येता, आन आज मला पळाया लावलं व्हय?" कंडक्टरने बिचाऱ्याने माफी मागितली. वन्संपुढे माणसं आधी माफी मागतात आणि ती कशाबद्दल, हे नंतर विचारतात.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना स्वस्थ बसायला सांगितलं. हे सांगायला तो डॉक्टर बाहेरगावचाच असणार. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकाने आईचा वेळ जावा म्हणून आपला जुना मोबाईल दिला, त्यात ट्रक चालवायचा एक खेळ होता. वन्सं त्या ट्रकात चढल्या त्या उतरल्याच नाहीत. पण चढण आली की मोबाईल तापायचा आणि ट्रक जागच्या जागी थिजायचा. "मेल्या, भरला ट्रक हाय, मागं घरंगळंल की!" असं म्हणून त्या मोबाईल उशीवर आपटायच्या. कॉम्प्युटरवर हा खेळ झकास चालतो, असं त्यांना कुठल्याशा व्हिडिओत कळलं. त्यांनी लेकाला सांगितलं, तर तो फोनवर हसला. "आई, ते पोरांचं असतं गं. तू आपला टीव्ही बघ."

झालं. वन्संनी लेकाशी बोलणं टाकलं आणि कॉम्प्युटर स्वतःच करायचा ठरवला. तयार घेणं परवडणारं नव्हतं. एकेक भाग निवडून आणायचा आणि घरी जोडायचा, हेही व्हिडिओतच कळलं होतं. मी भोरला ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, म्हणून मदतीला मला हुकूम सुटला. मी तिथे फक्त दाखले टाइप करते, हे सांगून पाहिलं. "मग बोटं हायेत न्हवं? ये."

इथून माझ्याही रागाला सुरुवात झाली. आठवड्यातून मिळणारी एकुलती एक सुट्टी, आणि ती मी नसरापूरच्या फाट्यावर उभी राहून घालवायची. मी भोरहून एसटीने यायची, वन्सं मार्गासनीहून वडापच्या जीपने, ड्रायव्हरशी भांडून ताज्यातवान्या होऊन. या कॉम्प्युटरच्या भागांचं असं असतं, की कुणाचं कुणाशी सहज जमत नाही. प्रोसेसर ठरावीक मदरबोर्डवरच बसतो, रॅमही त्याच बोर्डाला चालणारी लागते, आणि सगळ्यांना पुरेल एवढी वीज देणारा पॉवर सप्लाय वेगळाच शोधावा लागतो. या प्रत्येक अटीचा वन्संना स्वतंत्र राग यायचा आणि तो त्या माझ्यावर काढायच्या, जणू मीच मध्यरात्री उठून ही मापं बिघडवून ठेवली होती. ग्राफिक्स कार्ड किकवीच्या एका तरुणाकडून जुनं मिळालं. लग्न ठरल्यामुळे तो गेम सोडत होता. वन्संनी आधी त्याला भाव पाडायला लावला आणि मग संसारात चिडचिड करू नये असा उपदेश केला. घरी आणून पाहतो तर कार्ड लांब आणि कॅबिनेट आखूड! कुणीही कॅबिनेट बदललं असतं. वन्संनी ते उचलून गावातल्या फाटकं-खिडक्या करणाऱ्या वेल्डरकडे नेलं आणि आतला आडवा येणारा पत्र्याचा कप्पा कापून घेतला. ठिणग्या उडत होत्या आणि त्या शेजारी उभ्या राहून कॅबिनेटला शिव्या घालत होत्या. वेल्डरला वाटलं, आपल्यालाच. त्याने घाबरून दोनदा काम थांबवलं.

खरी लढाई मात्र रॅमवरून झाली. नसरापूरच्या एका दुकानदाराने मदरबोर्ड आणि रॅम दोन्ही दिलं होतं, "डोळे झाकून बसेल," असं सांगून. घरी बसेना. रॅमची ती अरुंद पट्टी नव्या पिढीची, बोर्ड जुन्या पिढीचा. दिसायला सगळं सारखं, फक्त मधली खाच जराशी सरकलेली. पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. दुकानदार मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "पाकीट फोडलंय. परत घेत नाही." आणि वर, "मावशी, मुलाला पाठवा ना. तुम्हाला नाही कळायचं यातलं."

मी डोळे मिटून घेतले. पण आरडाओरडा झालाच नाही. वन्सं स्टुलावर बसल्या, दुखरा पाय लांब केला, पिशवीतून मदरबोर्ड काढून काउंटरवर ठेवला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला कळत न्हाई. तुला कळतंय न्हवं? मग बशीव. माझ्या म्होरं बशीव ती पट्टी."

त्याने सरळ लावून पाहिली, उलटी लावून पाहिली. दुकानात आलेली माणसं मोबाईलची कव्हरं बघायची सोडून हे बघायला लागली. "दाब की," वन्सं म्हणाल्या, "डोळं झाक आन दाब."

"कंपनीचा प्रॉब्लेम असेल, मावशी. मुलाला..."

तेव्हा काउंटरवर कुणीतरी जोरात हात आपटला. तो हात माझा होता. ऑफिसात चहा गार आला तरी निमूट पिणारी मी ओरडत होते, "पुन्हा मुलाचं नाव काढू नका! कॉम्प्युटर त्यांना हवाय. तुम्ही चुकीची रॅम दिलीत, तुम्हीच बदलून द्यायची. आत्ता!" दुकानदाराने दुसरी पट्टी काढली, बोर्डावर बसवून दाखवली आणि वर आम्हाला चहा पाजला. वन्संनी तो साखर कमी आहे म्हणून अर्धा ठेवला. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आवाज बरा हाय तुझा. वापरत जा."

त्याच दुपारी मार्गासनीला आम्ही सगळं जोडलं. पंखा फिरला, दिवे लागले, पण पडद्यावर काहीच नाही. काळा म्हणजे काळा. वन्संनी कॅबिनेटचा, वेल्डरचा, किकवीच्या नवरदेवाचा उद्धार केला. शेवटी मी व्हिडिओ नीट ऐकत नाही म्हणून माझाही केला. माझाही संयम सुटला. "बास झालं! मी चालले भोरला," म्हणत मी पडद्याची वायर कॉम्प्युटरमधून उपटली. वन्संनी ती माझ्या हातातून हिसकावली आणि रागाच्या भरात दिसेल त्या भोकात खुपसली. ते नेमकं ग्राफिक्स कार्डाचं निघालं. मी वायर मघापासून मदरबोर्डाला लावून बसले होते. पडदा उजळला. "मला ठावंच हुतं," वन्सं म्हणाल्या.

आता लेकाशी बोलणं सुरू झालंय. तो आला की त्यांच्या मागे उभा राहून बघतो आणि वन्सं त्याला बटणांना हात लावू देत नाहीत. मीही अधूनमधून जाते, न बोलावता. परवा गेले तर त्या एका घाटातून ट्रक चालवत होत्या. खाली निळंशार पाणी पसरलेलं. एका वळणावर त्यांनी ट्रक कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं.

"काय झालं, वन्सं?"

"काय न्हाई. बघतीया." मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा टेम्पो हुता न्हवं? लई फिरले मी त्यात. वाटंत कुठं थांबवा म्हटलं, की म्हणायचे, माल पोचवायचाय. वरंध्याच्या घाटात आसंच एक वळण हाय. एकडाव उतरून बघायचं हुतं. गेले बिचारे. राहिलंच."

मी स्टूल ओढून शेजारी बसले. तेवढ्यात खेळातली एक गाडी मागून आली आणि कर्कश हॉर्न वाजवत खोळंबून राहिली. आता तिची धडगत नाही म्हणून मी वन्संकडे बघितलं. त्यांची नजर पाण्यावरच होती.

"वाजवू दे," त्या म्हणाल्या, "जाईल बाजूनं."