पहिला पेला जिंकणाऱ्याचा

आमच्या ऑकनबर्नमध्ये बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळात जो जिंकतो, तो हरलेल्याला पाजतो. खेळ संपला की दोन्ही संघांनी एकाच टेबलावर समोरासमोर बसायचं, आणि पहिला पेला जिंकणाऱ्यांच्या खिशातून. बाहेरून येणाऱ्यांना या रीतीचं फार कौतुक. त्यांनी एकदा गॅव्हिन मीकलला विचारावं. लॉर्न बकनने पाजलेला एकेक पेला त्याच्या घशात अजून अडकलेला आहे.

दोघं एकाच शनिवारी पहिल्यांदा बर्फावर उतरले. गॅव्हिन मेंढ्यावाल्या टॅम मीकलचा, लॉर्न बेकरीवाल्याचा. दगड उचलण्याचं वय नव्हतंच, ढकलणंही जेमतेम. गॅव्हिनने जीव खाऊन ढकलला, तो थेट पलीकडच्या फळीवर जाऊन आपटला. लॉर्नने नुसता सोडला. तो हळूहळू वळत घरात, म्हणजे बर्फावर रंगवलेल्या त्या वर्तुळांत, बरोबर मधोमध जाऊन बसला; ज्याचा दगड मध्याच्या सर्वांत जवळ, तो जिंकतो. प्रेक्षकांच्या काचेमागे टॅम उभा होता. एके काळचा नावाजलेला खेळाडू, पण कौतुकाच्या बाबतीत पक्का कवडीचुंबक. तो शेजारच्याला म्हणाला, "पोराचा हात बघितलास?" गॅव्हिनने आनंदाने वळून पाहिलं. बाप लॉर्नकडे बघत होता.

तेव्हापासून गॅव्हिनच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर औषध सापडलं नाही. मेहनतीत तो कमी पडला असं कुणी म्हणू नये. शाळेआधी बर्फावर, शाळेनंतर बर्फावर. आमच्याच मुलखातल्या पर्थची पोरं हरवली, एअर गावची हरवली. लॉर्न समोर आला की मात्र तिथेच घोडं पेंड खायचं.

कुमार गटाच्या अंतिम सामन्यात दोघं दोन संघांचे कप्तान होते. शेवटी शेवटी गॅव्हिन दगड लांब जावा म्हणून त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत धावत होता, आणि झाडू दगडाला लागला. या खेळात असल्या गोष्टीवर पंच नजर ठेवत नाही. ज्याचा लागला त्यानेच सांगायचं. मग तो दगड ठेवायचा की काढायचा, हे समोरच्या कप्तानाने ठरवायचं. गॅव्हिनने हात वर केला. प्रामाणिकपणा होताच, नाही असं नाही, पण काचेमागे बापही होता.

लॉर्नने दगडाकडे पाहिलं. "राहू दे रे. तसाही तिथेच थांबला असता."

मग आपल्या शेवटच्या दगडाने त्याने तो उडवला आणि सामना जिंकला. वर गरम कोको पाजला तो पाजलाच.

घरी जाताना गाडीत टॅम म्हणाला, "दगड राहू दिला त्याने. हे शिकवून येत नाही."

"मीही हात वर केला, बाबा."

"तो तर करायचाच असतो," टॅम म्हणाला.

पुढे लॉर्न देशाकडून कुमारांच्या जागतिक स्पर्धेला गेला, पाठीवर झेंडा असलेलं जाकीट घालून परत आला आणि ते जाकीट घालून बेकरीत पाव विकायला उभा राहिला. मोठ्यांच्या गटात आल्यावर तो स्वतःहून गॅव्हिनच्या दारात आला. "माझ्या संघात ये, गॅव. तुझ्यासारखा झाडू मारणारा अख्ख्या मुलखात नाही."

गॅव्हिनने दार लावलं आणि बायकोपुढे भडकला. "ऐकलंस, इश्बेल? झाडू मारायला गडी हवाय साहेबांना!"

"अरे, कौतुक करत होता तो तुझं."

"झालं! आता तूसुद्धा!"

त्याने स्वतःचा संघ उभा केला. एकच मागणं होतं आयुष्याचं: एकदा, फक्त एकदा लॉर्नला हरवायचं आणि त्याच्यापुढे पेला ठेवायचा, बापाच्या डोळ्यांदेखत. त्या वेळी काय बोलायचं तेसुद्धा त्याने मेंढ्यांना ऐकवून पाठ केलं होतं.

ती वेळ आली विभागाच्या अंतिम सामन्यात. जिंकेल तो राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. गॅव्हिनचा दगड घराच्या मध्याजवळ बसलेला, आणि एकच दगड उरलेला, लॉर्नचा. लॉर्नने तो सोडला आणि स्वतःच झाडू घेऊन मागे धावला. दगड घरात शिरता शिरता झाडूची कड त्याला लागली. घरामागे उभ्या असलेल्या गॅव्हिनलाच ते दिसलं. दगड मधोमध थांबला. टाळ्या सुरू झाल्या.

बोलू नकोस, गॅव्हिन मनात म्हणत होता. गप्प राहा. जिंक खुशाल. हरण्याचं त्याला आता काहीच वाटत नव्हतं. लॉर्न बकन लबाड आहे, एवढं एक कळलं की जन्मभराला पुरणार होतं.

लॉर्नने हात वर केला. "माझा झाडू लागला. जरासाच. गॅव, तू सांग."

टाळ्या थांबल्या. माशी बसावी तेवढा तो स्पर्श, दगड रेसभरही हलला नव्हता. काय म्हणायचं ते गॅव्हिनला ठाऊक होतं; कुमार असल्यापासून ठाऊक होतं. त्याने काचेकडे पाहिलं. म्हातारा टॅम लॉर्नकडे बघत होता, आणि त्याची मान कौतुकाने हलत होती.

"काढ," गॅव्हिन म्हणाला.

लॉर्नने स्वतःच्या पायाने दगड बाजूला सारला आणि हात पुढे केला. "छान खेळलास."

सगळे आपापले झाडू आवरू लागले. नियमात बसत होतं ना! टॅमने टोपी घातली. "मेंढ्यांकडे बघायला हवं," असं स्वतःशीच म्हणत तो निघाला आणि जाता जाता लॉर्नच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

क्लबाच्या बारमागे इश्बेल होती.

"दोन व्हिस्की," गॅव्हिन म्हणाला.

"एक लॉर्नची?"

"हो."

"मिळालं ना मग हवं होतं ते?" तिने पेले ठेवले आणि फडक्याने कोरडाच काउंटर पुसायला घेतला.

पाठ केलेलं एक अक्षरही गॅव्हिनला आठवेना. त्याने पेला पुढे सरकवला. लॉर्नने तो उंच धरला. "अखेर पाजलीस बाबा! मला वाटलं, तुला पाजता पाजता बेकरी विकावी लागणार." सगळे हसले. मग गॅव्हिनचा चेहरा पाहून लॉर्न पुढे वाकला आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बरोबर केलंस. मीसुद्धा काढलाच असता."

टेबलावरच्या माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, "मग! काढायलाच हवा."

गॅव्हिनला कुमार गटात लॉर्नने राहू दिलेला तो दगड आणि तो कोको आठवला. बर्फावर एवढ्याशा स्पर्शाचीही कबुली देणारा हा माणूस आत्ता सगळ्यांदेखत धडधडीत खोटं बोलला होता, आणि तेही त्याच्यासाठी. आपल्याला हे कधीच जमलं नसतं. लॉर्नच्या हाताचा, त्या जाकिटाचा, बापाच्या कौतुकाचाही वाटला नव्हता, एवढा हेवा त्याला त्या खोट्याचा वाटला.