बाबांचा सॅक्सोफोन

पिपरी मेघे गावात दातांच्या दवाखान्यात मी नंबरची वाट बघत बसले होते, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून सॅक्सोफोन सुरू झाला. मऊ, संथ, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, याला स्मूद जॅझ म्हणतात.

माझ्या बाबांना हे नाव कधी कळलं नाही. ते पुलगावच्या बँडपार्टीत सॅक्सोफोन वाजवायचे. ऐंशी सालानंतर कधीतरी तिथल्या लष्करी डेपोतल्या एका साहेबानं त्यांना असल्याच संगीताची कॅसेट दिली. तिकडे अमेरिकेत तेव्हा जॅझचे कंगोरे घासून तो रेडिओसाठी गोड केला जात होता, आणि लोक वेडे झाले होते. बाबांनी त्यातली एक धून वर्षभर घोटली, माझ्या लग्नासाठी.

वरात मांडवाच्या दारात आली. नवरदेवाला हार घालायचं सोडून बाबा नव्या कोटात बँडमध्ये शिरले आणि वाजवू लागले. नाचणारे थबकले. "हे काय रडगाणं लावलं बे?" कुणीतरी ओरडलं. नवऱ्याची आत्या हसली, "सोयराच बाजा वाजवून राह्यला का?"

मुंडावळ्या सावरत मीच तरातरा गेले. "बाबा, ठेवा ते. मले लाज येऊन राह्यली."

"हव बाई," एवढंच म्हणाले. तोंडात धरायची नळी रुमालानं पुसली, सॅक्सोफोन ठेवून पेटी बंद केली. ती पुन्हा उघडली नाही. आणि ज्यांच्यासाठी मी लाजले, त्या सासरच्यांनी मला जन्मभर बँडवाल्याचीच पोर म्हटलं.

"काकू, आवाजाचा त्रास होते का? बंद करू?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"राहू दे," मी म्हणाले. एवढं म्हणायला मला चाळीस वर्षं लागली.