झाकून ठेवलेलं दुखणं

दोन वर्षं मी देवाशी नीट बोलले नव्हते. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जायचे, पण दाराशीच हात जोडून परतायचे. आरतीला उभी राहिले की पंधरा मिनिटांत ओटीपोटात कळ उठे आणि लघवीला जावंच लागे. अशा देहानं गाभाऱ्यासमोर उभं राहायचा मला संकोच वाटे. घरी पोथीचं पारायण धरलं, तेही तिसऱ्या दिवशी सोडलं. एका अध्यायात दोनदा उठावं लागलं आणि स्वतःचीच किळस आली. हे लिहितानाही लाज वाटते आहे, पण याहून मोठी लाज पुढे सांगायची आहे.

मी अफझलगंजजवळच्या एका शाळेत शिकवते, घर चिक्कडपल्लीला. पहिल्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या दिल्या. लघवीची तपासणी स्वच्छ आली, तरी गोळ्यांचा आणखी एक कोर्स झाला, मग आणखी एक. दुसऱ्यांनी मुतखडा शोधला, तो नव्हता. तिसरे म्हणाले, "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तुम्ही फार विचार करता," आणि झोपेची गोळी लिहून दिली. रिपोर्ट चांगला आला की आमचे हे खूश व्हायचे, आणि मला मात्र खोटं बोलताना पकडल्यासारखं व्हायचं. हळूहळू मलाही वाटू लागलं की मी ढोंगच करते आहे.

खरं तर मी खोटं बोलतच होते, पण वेगळं. दिवसातून किती वेळा जाता, असं विचारलं की "आठ-दहा" म्हणायचे. पंचवीस-तीस वेळा, असा आकडा परक्या माणसासमोर तोंडातून निघेना. लघवी साठत जाते तशी कळ वाढते आणि होऊन गेली की थोडा वेळ उतरते, हेही कधी सांगितलं नाही. नुसतं "पोटात दुखतं" म्हणायचे. शेवटी एका डॉक्टरबाईंना सोनोग्राफीत गर्भाशयात लहानशी गाठ दिसली. दुखणं तिचंच असणार, असं ठरलं आणि गर्भाशय काढायची तारीख मिळाली.

शाळेतून परतताना बसमध्ये बसण्याआधी मी स्टँडजवळच्या सार्वजनिक शौचालयात जात असे. तिथं रझियाबी नावाची पन्नाशीची बाई झाडलोट करी आणि दाराशी बसे. कधी कधी मी बाहेर येऊन पुन्हा आत जायचे. एका दुपारी रांग मोठी होती. रझियाबी उठल्या आणि पुढच्या बायकांना म्हणाल्या, "इनकू पहले जाने देओ, तकलीफ है इनकू." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्यांत माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई होती. मी संतापून ओरडले, "आप अपना झाडू संभालो! मेरी तकलीफ देखने को किसने बोला?" त्या बाजूला झाल्या. मी रांगेत न थांबता तशीच निघून गेले आणि पंधरा दिवस तिकडे फिरकले नाही. बसमध्ये दात आवळून बसायचे.

ऑपरेशनच्या आदला दिवस गुरुवार होता. सकाळी देवळाच्या दाराशी मी रागानं म्हणाले, "महाराज, तुम्हाला दिसत नसेल तर मी तरी कशाला येऊ?" दुपारी शाळेत रजेचा अर्ज देऊन स्टँडवर आले आणि कळ अशी आली की चालवेना. शौचालय वीस पावलांवर होतं. तेवढंही निभावलं नाही. भर रस्त्यात माझी साडी भिजली.

कुणीतरी दंड धरला. रझियाबी होत्या. त्यांनी स्वतःची ओढणी माझ्या कमरेभोवती गुंडाळली, आत नेलं, कडी लावली, बादलीभर पाणी दिलं आणि त्यांचा धुतलेला सलवार-कुर्ता पुढे केला. मी रडत होते. उद्या ऑपरेशन आहे, असं मी हुंदके देत सांगितलं.

"काय का ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.

"बच्चादानी निकालने का."

त्या म्हणाल्या, "मेरी आपा की भी निकाले थे, अम्मा. दर्द वईच का वईच रहा. बाद में मालूम हुआ, पेशाब की थैली का मर्ज था. मैं आपकू कबसे बोलना सोच रही थी. उस रोज आप खफा हो गए." मग बहिणीला बरं करणाऱ्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पत्ता सांगून म्हणाल्या, "सब बोलो उनकू. शरमाना नक्को."

त्या संध्याकाळी मी ह्यांना पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. त्यांनी स्वतःच फोन करून ऑपरेशन पुढे ढकललं. रझियाबींनी सांगितलेल्या डॉक्टरांनी तीन दिवस प्रत्येक खेप लिहून आणायला लावली. मी काहीही न वगळता लिहिलं. पुढे त्यांनी दुर्बिणीनं मूत्राशय आतून पाहिलं. ते म्हणाले, "या आजाराची अशी एक नेमकी चाचणी नाही. बाकीचं एकेक वगळत, रोग्याचं ऐकत इथवर यावं लागतं. गर्भाशयाला हात लावायची गरज नाही." दुखणं मूत्राशयाचंच होतं. चहा आणि आंबट बंद झालं, औषध सुरू झालं. पूर्ण बरी नाही झाले, पण आता कळ येते ती सोसण्याजोगी.

महिन्याभरानं कपडे परत द्यायला गेले आणि रझियाबींची माफी मागितली. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ द्या, मी विसरले. त्या म्हणाल्या, "हौ, बुरा तो लगा था. घर जाको रोई मैं." मग माझा हात हातात घेतला. "पर आप आना बंद करे ना, तो फिकर होती थी. रोज देखती थी रस्ता."

हा चमत्कार होता की योगायोग, हे मला ठरवायचं नाही. एवढंच कळतं की देवाला मी सगळं वाहिलं असं समजत होते आणि जे खरं दुखत होतं तेवढं पदराआड ठेवत होते. त्यानं मदत पाठवली ती मी चारचौघांत झिडकारली. तरी ती पंधरा दिवस माझी वाट बघत दाराशी बसून राहिली. त्या कृपेपुढे हात जोडताना आजही माझी मान वर होत नाही, आणि व्हावी असं वाटतही नाही.