अपूर्वाच्या नावचं घर

चंद्रप्रभा पारखी दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलात नर्स होत्या. वहिनीच्या दुसऱ्या बाळंतपणात मदत करायला म्हणून त्या नर्सेस होस्टेल सोडून थोरल्या भावाच्या, गुणवंतरावांच्या सरोजिनी नगरमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या. वहिनी त्या बाळंतपणातून उठल्या नाहीत. घरात सहा वर्षांचा प्रतीक आणि पाळण्यातली अपूर्वा. चंद्रप्रभाताई परत होस्टेलला गेल्याच नाहीत. लग्नाचा विषय निघाला की म्हणायच्या, "दोन मुलं आहेत की मला."

अपूर्वा उशिरा चालली, उशिरा बोलली. ती मोठी होईल, पण समज लहान मुलाचीच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सगळ्यात शांत प्रतीकच राहिला. बहिणीला बूट घालायला त्याने शिकवलं, नाडी मात्र तोच बांधून द्यायचा. ती मेट्रोत बसायची ती फक्त त्याचा हात धरून. त्याला ती 'पिकू' म्हणे.

निवृत्तीनंतर गुणवंतरावांनी दिल्लीतच, द्वारका भागात, सोसायटीत फ्लॅट घेतला. पुढे त्यांना कॅन्सर निघाला, तेव्हा त्यांनी वकील घरी बोलावून अपूर्वाच्या नावे ट्रस्ट केला आणि फ्लॅट त्यात ठेवला. विश्वस्त दोघं, बहीण आणि मुलगा. एकट्याच्या सहीने काही व्हायचं नाही. आणि अपूर्वा हयात असेपर्यंत घर विकायचं नाही.

"माझ्या पोरीला कुणी दाराबाहेर काढता कामा नये," ते बहिणीला म्हणाले. "तू बघशील ना?"

"बघीन, दादा."

ते गेल्यावर चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. प्रतीकचं स्वरूपाशी लग्न झालं. तीही अपूर्वाचं प्रेमाने करी. मग प्रतीकच्या कंपनीने त्याला पुण्याला पाठवायचं ठरवलं.

"आत्या, हे घर विकू या," तो जेवताना म्हणाला. "पुण्यात दुसरं घेऊ, ट्रस्टच्याच नावावर; हे विकल्याशिवाय तिथलं मला झेपणार नाही. अपू माझ्याजवळ राहील. तूही चल."

"घर विकायचं नाही असं दादाने लिहिलंय."

"माझी बदली होईल हे बाबांना काय ठाऊक होतं?"

दोघं वकिलांकडे गेले. चेतना मॅडमनी समजावलं, "अपूर्वा स्वतः संमती देऊ शकत नाही. पण तिच्या वतीने कोर्ट ती देऊ शकतं. तुम्ही दोघांनी मिळून अर्ज केलात, तर जज साहेब बहुतेक हो म्हणतील."

चंद्रप्रभाताईंनी सही केली नाही. घर विकल्यावर आईबापांना वॉर्डात ठेवून परत न फिरकलेली मुलं त्यांनी नोकरीत पाहिली होती. त्यांतला प्रत्येक जण आधी गोडच बोलला होता. आपला प्रतीक तसा नाही, हे त्यांना कळत होतं. पण भावाला दिलेला शब्द आणि ती भीती मिळून त्या जागच्या हलेनात. शेवटी प्रतीकने एकट्यानेच अर्ज केला आणि त्यांनी विरोध नोंदवला.

एकाच घरातून निघून ते दोघं द्वारका कोर्टात वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले. एका तारखेला अपूर्वाला आणावं लागलं. ती आत आली आणि सरळ प्रतीकच्या शेजारी जाऊन बसली.

जज साहेबांनी चंद्रप्रभाताईंना विचारलं, "भाई के पास रहेगी तो आपको क्या एतराज़ है?"

"मुझे इस पर भरोसा नहीं है," त्या म्हणाल्या.

प्रतीकने मान वर केली. अंगाखांद्यावर खेळवलेल्या मुलाबद्दल, परक्या माणसांसमोर त्या हे बोलल्या होत्या. आपल्याला इतकंच म्हणायचं नव्हतं असं त्यांना वाटलं, पण जज साहेब लिहून घेत होते.

अर्ज फेटाळला गेला. विश्वस्तांमध्येच अविश्वास असताना मूळ अट मोडता येणार नाही, असं कोर्टाने म्हटलं. कोर्टाच्या परवानगीने प्रतीक विश्वस्तपदातून मोकळा झाला. त्याच्या जागी सोसायटीतले मुरलीधर काका आले, भले गृहस्थ. निघायच्या दिवशी प्रतीकने वाकून आत्याला नमस्कार केला. तेच त्यांना सहन झालं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

अपूर्वाने प्रतीकबद्दल विचारलं, मग विचारायची थांबली. मेट्रोत बसायला तयार होईना, म्हणून तिचं विशेष मुलांच्या शाळेत जाणं थांबलं. फोनवर त्याचा आवाज आला की ती फोन आत्याच्या हातात देऊन आतल्या खोलीत निघून जायची.

गेल्या हिवाळ्यात चंद्रप्रभाताईंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. आपल्यामागे काय, हा प्रश्न आता पुढे ढकलता येत नव्हता. त्यांनी पुण्याला फोन लावला.

"प्रतीक, आपण दोघं मिळून पुन्हा अर्ज करू. तिला घेऊन जा."

तो म्हणाला, "आत्या, तेव्हा मी अपूसाठी तळमजल्यावरचं घर बघून ठेवलं होतं. आता स्वरूपाची आई आमच्याकडे असते, अंथरुणाला खिळलेली. स्वरूपाला मी आणखी किती मागू? आणि खरं सांगू? मला आता माझाच भरवसा वाटत नाही."

"तू असं म्हणू नकोस."

"कोर्टात तू म्हणालीस ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

तो भेटायला मात्र आला. अपूर्वा त्याच्याकडे बघत दारातच उभी राहिली. मग आत जाऊन तिने आपले दोन ड्रेस आणि कंगवा पिशवीत भरला, बूट घातले, आणि नाडी बांधायला पाय त्याच्यापुढे केला. त्याने खाली बसून नाडी बांधली. त्याला विमानाला निघायला हवं होतं, तरी तो तसाच बसून राहिला. शेवटी चंद्रप्रभाताईंनी अपूर्वाला मिठीत धरून ठेवलं, तेव्हा त्याला निघता आलं.

कायद्याने घर अपूर्वाचंच आहे. तिला तिथून कुणीही काढू शकत नाही. त्या संध्याकाळी चंद्रप्रभाताईंनी तिचे बूट काढायला हात पुढे केला, तर तिने पाय मागे घेतले आणि बूट घालूनच झोपली.